ठाणे-नवी मुंबईत मुलांच्या सुरक्षिततेच्या कामासाठी निधी कसा उभा करायचा: नव्या संस्थांसाठी

जून आला की टीटीसी पट्ट्यातल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) कंपन्यांच्या गाड्या महापालिकेच्या शाळांसमोर उभ्या राहतात. दप्तरं, वह्या, छत्र्या आणि मग फोटो. त्याच शाळेतल्या सातवीच्या मुलीने एखाद्या दिवशी काही सांगितलं, तर ते शांतपणे ऐकून घेणारी, तिच्या आईसोबत पोलीस ठाण्यात बसणारी आणि महिनाभराने पुन्हा घरी चक्कर मारणारी बाई लागते. तिचा पगार द्यायला मात्र कोणी पटकन तयार होत नाही. मी बरीच वर्षं या भागातल्या छोट्या संस्थांचे प्रस्ताव लिहायला मदत करते. वस्तूंना पैसे मिळतात आणि माणसांना मिळत नाहीत, हेच प्रत्येक वेळी आडवं येतं. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख तिच्या पगारावर आहे.

पहिलं पान

पैसे मागायला निघण्याआधी एका पानावर लिहून काढा: कुठल्या वस्तीत, किती शाळांत, कुठल्या वयाच्या मुलांसोबत, काय करणार. ‘मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी’ हे शब्द आले तर पान फाडून पुन्हा लिहा. ‘रबाळे ते दिघा या पट्ट्यातल्या दहा शाळांत पाचवी ते सातवीच्या मुलांची सुरक्षित-असुरक्षित स्पर्शावर प्रत्येकी चार सत्रं, पालकांच्या दोन बैठका, शिक्षकांचं एक प्रशिक्षण आणि काही उघड झालं तर त्या मुलाची शेवटपर्यंत सोबत’, असं लिहिलं की वाचणाऱ्याला काम दिसतं.

नव्या माणसांच्या मनात हमखास एक बालगृह असतं. त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं राहायला ठेवायची तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चालवलं तर कलम ४२ नुसार एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय निवासी संस्थेचा खर्च रात्रीही चालूच असतो. वस्तीत आणि शाळेत राहून केलेलं काम स्वस्त पडतं आणि मूल घरापासून तुटत नाही.

हद्द कोणाची?

हे प्रकरण किरकोळ वाटतं, पण प्रस्ताव इथेच अडखळतात. ऐरोली ते बेलापूर हा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली नवी मुंबईच म्हणवतात, पण त्यांची महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. म्हणजे खारघरच्या मुलासाठी बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष रायगडचा. पोलिसांचं वेगळंच: पनवेल, उरणसुद्धा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे, आणि बदलापूर, अंबरनाथ ठाणे आयुक्तालयाकडे. प्रस्तावात गुन्ह्यांचे आकडे आयुक्तालयाचे, लोकसंख्या जिल्ह्याची आणि शाळा महापालिकेच्या अशी खिचडी झाली की जाणकार माणूस तिथेच कागद बाजूला ठेवतो.

आकड्यांची आणखी एक खोच. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा, सुमारे १ कोटी १० लाखांचा, आजच्या पालघरसकट आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. तो जुना आकडा आजच्या जिल्ह्याला चिकटवलेले प्रस्ताव मी दर वर्षी बघते. तसंच केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासाचं. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला होता. महाराष्ट्र त्या १३ राज्यांत होता. आकडा खुशाल वापरा, पण सोबत वर्ष लिहा. आणि त्याच्या खाली तुमच्या स्वतःच्या वस्तीतलं काहीतरी द्या: किती घरांत आई-वडील दोघंही पहाटे कामाला बाहेर पडतात, शाळा सुटल्यावर मुलं कुठे असतात, शौचालय किती लांब आहे. शंभर घरं फिरून केलेली ही नोंद दिल्लीच्या अहवालापेक्षा जास्त पटते.

कागद

इथे फार रेंगाळत नाही. महाराष्ट्रात बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदतात. सोसायटी असेल तर १८६० च्या कायद्याखालची नोंदणीही असते. कलम ८ ची कंपनी हा तिसरा मार्ग. विश्वस्त बदलले की बदल अर्ज वेळेत टाका. पीटीआर उताऱ्यावर (धर्मादाय आयुक्तांकडच्या विश्वस्त नोंदवहीच्या उताऱ्यावर) अजून कै. अमुकतमुक विश्वस्त म्हणून दिसत असतील, तर कंपनीची छाननी तिथेच थांबते. दर वर्षीचं ऑडिट, संस्थेचा पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक हवाच.

आयकराकडे दोन नोंदण्या लागतात. एक संस्थेच्या उत्पन्नाला सूट देणारी, जिला सगळे ‘१२ए’ म्हणतात, आणि दुसरी देणगीदाराला वजावट देणारी ‘८०जी’. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले असले तरी बोलीत जुनीच नावं चालतात. अर्ज भरताना मात्र सीएकडून चालू क्रमांक तपासून घ्या. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती नियमित करून घ्यायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण ती विसरल्यामुळे चालू अनुदान अडकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत.

८०जीवर फार भिस्तही ठेवू नका. नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला ही वजावट मिळतच नाही. ‘कर वाचेल’ हे वाक्य आता पूर्वीइतकं चालत नाही.

आधी घरचा नियम, मग देणगी

मुलांना असुरक्षित स्पर्शाबद्दल शिकवणाऱ्या संस्थेकडे स्वतःचं बाल संरक्षण धोरण नसणं ही लाजेची गोष्ट आहे, आणि नियमांच्या विरुद्धही. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नियम २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वपार्श्वभूमीची तपासणी करायची असते. स्वयंसेवक, रिक्षावाले काका, उन्हाळी शिबिराला आलेले कॉलेजचे विद्यार्थी यांनाही तोच नियम लावा. कोणीही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. मुलांचे फोटो खासगी मोबाईलमध्ये राहणार नाहीत. तक्रार आली तर पहिल्या तासात कोण काय करेल, हे ठरलेलं असेल. एवढं दोन पानांत लिहिलं आणि सगळ्यांनी सही केली की झालं धोरण.

एक गोष्ट मात्र ठसवून घ्या. मुलाने लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘आम्ही घरातल्या घरात मिटवतो’ असं पालकांनी म्हटलं तरी. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीस आल्यानंतर या जिल्ह्यातला कोणताही समजूतदार देणगीदार हा प्रश्न विचारतोच: तुमच्याकडे काही घडलं तर तुम्ही काय कराल? उत्तर कागदावर तयार ठेवा.

बजेट: पगार लपवू नका

वर सांगितलेल्या दहा शाळांच्या कामाचं एक वर्षाचं बजेट बनवून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील.

पूर्णवेळ समुपदेशक, महिना २८,००० प्रमाणे: ३,३६,०००
दोन वस्ती कार्यकर्त्या, प्रत्येकी महिना १५,०००: ३,६०,०००
प्रशिक्षण आणि अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन: ६०,०००
छापील साहित्य, चित्रपट्ट्या: ५०,०००
प्रवास: ४८,०००
अर्धवेळ हिशेबनीस, महिना ८,०००: ९६,०००
ऑडिट: २५,०००
तातडीचा खर्च: ४०,०००
एकूण: १०,१५,०००

तातडीचा खर्च म्हणजे रात्रीची रिक्षा, झेरॉक्स, रुग्णालयात थांबलेल्या आईचं जेवण, तिची बुडलेली मजुरी. हे कलम बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि मग कार्यकर्ती स्वतःच्या पर्समधून देत राहते.

दीड हजार मुलं धरली तर दर मुलामागे सुमारे ६७७ रुपये पडतात. देणगीदाराला हा आकडा आवडतो, तो द्या. पण त्यातच अडकू नका. बाराशे मुलांना चार सत्रं पुरतील आणि एका मुलासाठी समुपदेशक चार महिने धावत असेल. सरासरीत ते मूल दिसत नाही. म्हणून बजेटखाली एक परिच्छेद लिहा: सत्रांना किती वेळ जातो आणि उघड झालेल्या एका प्रकरणाला किती. न्यायालयाची एक तारीख म्हणजे अख्खा दिवस, हे वातानुकूलित खोलीत बसून प्रस्ताव वाचणाऱ्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

‘पगार कमी दाखवा, साहित्य जास्त दाखवा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. वर्षाअखेरीस खर्चाचा हिशेब देताना तो गळ्याशी येतो.

पहिली दारं जवळची

पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसे ओळखीच्यांकडूनच येतात. घोडबंदर रोडवरच्या किंवा पाम बीचच्या एखाद्या गृहसंकुलात रविवारी सकाळी पालकांसाठी ‘मुलांशी या विषयावर कसं बोलावं’ असं तासभराचं मोफत सत्र घ्या. पैसे मागू नका. शेवटी एवढंच सांगा की हेच सत्र आम्ही दिघ्याच्या शाळेत घेतो. त्यातले दोघे-तिघे नंतर फोन करतात, असा माझा अनुभव आहे. महिना पाचशे देणारी चाळीस माणसं म्हणजे वर्षाला २,४०,०००, आणि या पैशावर कोणाची अट नसते.

रोटरी आणि लायन्स क्लब ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्षही दर वर्षी बदलतो, म्हणून मे-जूनमध्येच होणाऱ्या अध्यक्षांना भेटा. गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळं आरोग्य शिबिरं करतात, त्यांना पालक-सत्राचा मंडप मागता येतो. २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन या दोन वेळी लोक द्यायच्या मनःस्थितीत असतात. मॅरेथॉनची धर्मादाय बाजू युनायटेड वे मुंबई पाहते आणि संस्थांची नोंदणी बरीच आधी सुरू होते. रोख देणगी घेताना लक्षात असू द्या: दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या रकमेवर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही. यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या खात्याचा असावा, खजिनदाराच्या नव्हे.

कंपन्या: मोठ्या नावांमागे धावू नका

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५: आदल्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही गाठलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. यालाच सीएसआर म्हणतात. सगळे नवखे इथे देशातल्या पहिल्या दहा नावांना ईमेल पाठवतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात.

त्याऐवजी महापे, रबाळे, तुर्भे, वागळे इस्टेट इथल्या मधल्या आकाराच्या कंपन्या शोधा. सरासरी नफा ६ कोटी असलेल्या कंपनीची जबाबदारी १२ लाखांची. कायद्याने ज्यांची रक्कम ५० लाखांपर्यंत आहे त्यांना स्वतंत्र सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. म्हणजे मालकाच्या केबिनमध्ये अर्धा तास मिळाला तर निर्णय तिथेच होऊ शकतो. कायदा ‘स्थानिक भागाला प्राधान्य’ असंही म्हणतो, हा तुमचा हुकमाचा पत्ता. रबाळेतली ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाण्यातली लघुउद्योजकांची संघटना यांच्याकडून ओळखी निघतात.

शोधायचं कसं? कंपनी मंत्रालयाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय आणि राज्यनिहाय खर्च दिसतो. सोबत कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडलेला सीएसआर तक्ताही बघा. कुठला प्रकल्प, कुठल्या जिल्ह्यात, किती रक्कम, कुठल्या संस्थेमार्फत, हे काही कंपन्या तिथे देतात. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा. कोण ठाण्यात देतं, कोण फक्त गुजरातेत देतं, कोण दर वर्षी एकाच संस्थेला देतं, सगळं उघडं पडतं.

तुमच्या बाजूने कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती बंधनकारक आहे. १२ए आणि ८०जी हवं, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. ही तीन वर्षांची अट नव्या संस्थेचं दार बंद करते. तोवर एखाद्या जुन्या संस्थेच्या प्रकल्पातला तुकडा करा आणि करार लेखी करा, म्हणजे तो अनुभव तुमच्या नावावर मोजला जाईल. प्रस्ताव कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या (सीएसआरला चालणाऱ्या विषयांच्या यादीतल्या) शिक्षण किंवा प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा या विषयांत बसवून लिहा. ‘बाल अत्याचार प्रतिबंध’ असा स्वतंत्र विषय तिथे नाही.

‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांहून जास्त चालत नाही’ असं कंपनीतला कोणी सांगेल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. तुमच्या समुपदेशकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा. प्रस्तावाला चांगला काळ एप्रिल ते जुलै. जानेवारी-फेब्रुवारीत ‘उरलेली रक्कम आहे, पंधरा दिवसांत खर्च दाखवाल का?’ असे फोन येतात. दप्तरवाल्यांना ते परवडतं. तुमच्या कामाला पंधरा दिवसांत संपणारा पैसा उपयोगाचा नाही. एक वर्षाचा करार होत असेल तरच हो म्हणा.

सरकार: संस्थेआधी मुलाच्या खात्यात

मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेखाली केंद्र-राज्याचा पैसा मुख्यतः बालगृहं, जिल्हा कक्ष, समित्या आणि मुलांच्या प्रायोजकत्वाकडे जातो. जनजागृती करणाऱ्या नव्या संस्थेला थेट अनुदान मिळण्याची आशा धरू नका. आमदार निधीतून भिंत उभी राहते, पगार होत नाही. पण एक हिशेब करून बघा. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात पात्र मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. राज्याच्या क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये. अत्याचारग्रस्त मुलांसाठी मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालतो. तुमच्या कार्यकर्तीने वर्षभरात वीस मुलांचे प्रायोजकत्वाचे अर्ज मंजूर करून घेतले, तर ते वर्षाला ९,६०,००० रुपये होतात, जवळजवळ तुमच्या अख्ख्या बजेटाएवढे. हा आकडा पुढच्या प्रस्तावात लिहा.

यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चकरा माराव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, मुलाचं बँक खातं यांत फाईल अडकते. त्याच चकरांतून तिथले अधिकारी तुम्हाला ओळखायला लागतात आणि पुढे कंपनीला दाखवायचं शिफारसपत्रही तिथूनच मिळतं. शाळांत शिरायचं तर महापालिकेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या आणि शाळेतली सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेची समिती) कागदावर आहे की खरोखर भरते, तेही विचारा.

परदेशी निधीचा विचार सध्या सोडून द्या. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीसाठी साधारण तीन वर्षांचं काम आणि तेवढ्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. ती मिळेपर्यंत परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मावसभावाने त्याच्या तिथल्या खात्यातून संस्थेला पाठवलेले शंभर डॉलरही अडचणीत आणू शकतात.

फोटो मागतील तेव्हा

एका देणगीदाराने आम्हाला एकदा विचारलं, ‘एखाद्या पीडित मुलीला कार्यक्रमात दोन शब्द बोलायला आणता येईल का?’ चार लाखांचा धनादेश तयार होता. आम्ही नाही म्हटलं, धनादेश आला नाही. त्या वर्षी एक कार्यकर्ती कमी करावी लागली, हे मी लपवत नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव बदललं पण ‘दिघ्यातल्या इडलीवाल्याची मुलगी’ असं लिहिलं, तर वस्तीत सगळ्यांना कळतं.

आता मी करारातच एक कलम घालते: मुलांचे चेहरे, नावं, प्रकरणांची कागदपत्रं मिळणार नाहीत. त्याऐवजी काय देऊ तेही तिथेच लिहिते. मुलांनी काढलेली चित्रं, पाठमोरे फोटो, सत्राआधी आणि नंतर विचारलेल्या पाच प्रश्नांची तुलना (‘असं झालं तर तू कोणाला सांगशील?’ याला किती मुलांनी निदान एका मोठ्या माणसाचं नाव घेतलं), १०९८ ही बाल मदतवाहिनी माहीत असलेल्या मुलांची संख्या, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र. एक इशारा: तुमचं काम नीट चाललं तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. ‘आमच्या पैशाने प्रकरणं वाढली?’ हा प्रश्न येण्याआधी प्रस्तावातच सांगून टाका की मुलं बोलायला लागली की असं होतं.

धनादेश जमा झाल्यावर

प्रकल्पासाठी हिशेबात वेगळं खातं उघडा. दर महिन्याच्या पाच तारखेला हिशेबनीस आणि समुपदेशक एकत्र बसून पावत्या लावतील असं ठरवा, मार्चमध्ये गोणीभर कागद घेऊन बसू नका. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकराकडे भरा, त्यानंतरच देणगीदारांना प्रमाणपत्र देता येतं. एक वर्ष चुकलात तर पाचशेवाल्या चाळीस जणांतले निम्मे गळतात.

आणि करारावर सही करण्याआधी शेवटच्या महिन्याचं कलम वाचा. अनुदान ३१ मार्चला संपतं, पण सप्टेंबरमध्ये बोललेल्या मुलीची साक्ष तोवर झालेलीच नसते. म्हणून बिनअटीच्या देणग्यांमधून समुपदेशकाचे सहा महिन्यांचे पगार, आपल्या उदाहरणात १,६८,००० रुपये, वेगळे मुदत ठेवीत टाका. त्याला हात लावायचा नाही असा विश्वस्तांचा ठराव करून इतिवृत्तात नोंदवा, आणि समुपदेशकाला तो ठराव दाखवा.